परदेशी संशोधन निधीसाठी पहिला अर्ज करताना

तुमच्या अर्जाचा निर्णय ज्या बैठकीत होतो, तिथे तुम्ही नसता. तुमचा होस्ट, म्हणजे ज्याच्या प्रयोगशाळेत तुम्ही जाणार तो यजमान प्राध्यापक, तोही नसतो. तिथे असतो एक परीक्षक. स्वतःची लेक्चर्स आणि प्रयोगशाळा सांभाळून त्याने गेल्या काही आठवड्यांत अर्जांचा ढीग वाचलेला असतो. त्याचा विषय तुमच्या विषयाच्या शेजारचा असतो, पण अगदी तोच क्वचितच असतो. या अर्जात काय आहे आणि याला पैसे का द्यावेत, हे त्याला थोडक्या मिनिटांत पॅनेलमधल्या बाकीच्यांना पटवायचं असतं. त्या वेळी त्याच्या तोंडी जी वाक्यं येतील, ती तुमच्या अर्जातूनच आलेली असायला हवीत.

हे मला उशिरा कळलं. माझा पहिला अर्ज पात्रतेच्या अटीवरच बाद झाला. दुसरा वाचला गेला, पण एका परीक्षकाने लिहिलं होतं, 'प्रकल्प चांगला दिसतो, मात्र नेमकं काय शोधायचं आहे हे समजलं नाही.' मला ते स्वच्छ माहीत होतं, पण कागदावर आलं नव्हतं. पुढे इतरांचे अर्ज वाचायची वेळ आली, तेव्हा दिसलं की बहुतेक नवखे हुशार लोक याच दोन ठिकाणी अडखळतात. म्हणून पीएचडी संपत आलेल्या किंवा नुकत्याच संपलेल्या संशोधकांसाठी सगळा प्रवास क्रमाने लिहिते आहे.

पायरी १: कोणता पैसा हवा ते ठरवा

सुरुवातीच्या काळात तीन प्रकारचा निधी हाताशी असतो. पहिला छोट्या भेटीचा. काही आठवडे ते काही महिने दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेत किंवा अभिलेखागारात जाऊन काम करायचं. दुसरा फेलोशिपचा. यात साधारण एक ते तीन वर्षं तुमचा पगार किंवा विद्यावेतन मिळतं आणि संशोधनखर्चासाठी थोडी रक्कम. तिसरा स्वतंत्र ग्रँटचा. इथे तुम्ही स्वतःचा गट उभा करता. युरोपियन रिसर्च कौन्सिलची स्टार्टिंग ग्रँट या तिसऱ्या प्रकारातली. पाच वर्षांसाठी १५ लाख युरोपर्यंत रक्कम मिळते आणि राष्ट्रीयत्वाची अट नाही, पण काम युरोपीय संघातल्या किंवा त्याच्याशी संलग्न देशातल्या संस्थेत करावं लागतं. तिथे तुमची तुलना अशा लोकांशी होते ज्यांनी आपल्या गाईडशिवाय काहीतरी उभं करून दाखवलं आहे. पीएचडी संपताच तिच्या मागे लागू नका.

छोट्या भेटींकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि मला ते चुकीचं वाटतं. अर्ज लहान असतो. दोन महिन्यांच्या सहवासात होस्ट तुम्हाला ओळखू लागतो आणि पुढच्या मोठ्या अर्जात 'आम्ही आधी एकत्र काम केलं आहे' हे वाक्य खऱ्या अर्थाने लिहिता येतं. शक्य असेल तर सुरुवात इथूनच करा.

अर्ज कोण भरतो, हेही याच टप्प्यावर बघून घ्या. जर्मनीच्या अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट फाउंडेशनच्या संशोधन फेलोशिपसाठी तुम्ही स्वतः अर्ज करता आणि होस्ट आपलं मत स्वतंत्र पाठवतो. युरोपीय संघाच्या मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपमध्ये तुम्ही आणि होस्ट संस्था मिळून अर्ज करता. जपानच्या विज्ञान प्रोत्साहन संस्थेच्या, म्हणजे जेएसपीएसच्या, पोस्टडॉक्टरल फेलोशिपमध्ये नेहमीच्या मार्गाने जपानमधला होस्ट आपल्या विद्यापीठामार्फत अर्ज करतो. जिथे विद्यापीठ मध्ये येतं, तिथे त्याची आतली डेडलाइन जाहिरातीतल्या तारखेच्या बरीच आधी असते. ती वेबसाइटवर बहुधा सापडत नाही, होस्टला विचारावी लागते.

पायरी २: तुमचं घड्याळ मोजा

तरुण संशोधकांसाठी असलेल्या जवळजवळ प्रत्येक योजनेत एक घड्याळ चालू असतं, आणि ते पीएचडीच्या तारखेपासून सुरू होतं. हम्बोल्टच्या पोस्टडॉक गटासाठी पीएचडी गेल्या चार वर्षांतली हवी. अनुभवी संशोधकांच्या गटात ही मर्यादा बारा वर्षांची आहे. जेएसपीएसकडे ती साधारण सहा वर्षं आहे. मेरी क्युरीच्या २०२१ ते २०२५ च्या फेऱ्यांमध्ये पीएचडीनंतरचा संशोधनाचा अनुभव जास्तीत जास्त आठ वर्षांचा चालत असे. ही आकडेवारी फेरीगणिक बदलू शकते, तेव्हा अर्ज करताना त्याच वर्षाची मार्गदर्शिका उघडा. गेल्या वर्षी मित्राला चाललेलं या वर्षी चालेलच असं नाही.

'पीएचडीची तारीख' म्हणजे कोणती, हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्यावर अर्ज बाद होतात. प्रबंध सादर केला तो दिवस, व्हायवाचा दिवस, विद्यापीठाने अधिसूचना काढली तो दिवस आणि पदवीदान समारंभाचा दिवस यांत कधीकधी वर्षभराचं अंतर असतं. योजनेच्या नियमावलीत कोणता दिवस धरला आहे ते शोधा आणि त्या दिवसाचा कागद हाताशी ठेवा. व्हायवा झाला आहे पण प्रमाणपत्र आलेलं नाही, अशा वेळी विद्यापीठाकडून तात्पुरतं प्रमाणपत्र घेऊन ठेवा. ते चालेल का, हे योजनेच्या कार्यालयाला ईमेलने विचारा, फोनवर नको. लेखी उत्तर पुढे उपयोगी पडतं.

घड्याळ थांबवताही येतं. बाळंतपण, मुलांचं संगोपन, दीर्घ आजार, सक्तीची लष्करी सेवा अशा कारणांसाठी बहुतेक योजना सवलत देतात. युरोपियन रिसर्च कौन्सिल मातांना प्रत्येक मुलामागे १८ महिन्यांची मुभा देतं. वडिलांना प्रत्यक्ष घेतलेल्या रजेइतकी मिळते. ही सवलत मागताना कित्येक जणी संकोचतात. कृपा करून संकोचू नका. नियम तुमच्यासाठीच केलेला आहे.

दुसरी अट राहण्याच्या जागेची असते. मेरी क्युरीच्या नियमानुसार अंतिम तारखेच्या आधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा तिथे मुख्य काम केलेलं नसावं. म्हणजे जिथे तुम्ही आधीच पोस्टडॉक करत आहात, त्याच देशातला अर्ज बाद होऊ शकतो. माझा पहिला अर्ज असल्याच एका अटीत अडकला होता. दोन महिने लिहिलं आणि तो कुणी वाचलाही नाही.

एका कागदावर चार गोष्टी लिहा: पीएचडीची तारीख, गेल्या पाच वर्षांत कोणत्या देशात किती महिने होतात, करिअरमधले खंड, आणि प्रसिद्ध झालेले लेख. हा कागद समोर ठेवून दहा योजनांचे नियम वाचले, तर चार-पाच आपोआप गळतील. उरलेल्यांवरच मेहनत करा.

पायरी ३: होस्ट शोधा, आणि तो वेळेत शोधा

माझ्या मते सगळ्या प्रवासातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. अंतिम तारखेच्या आधी किमान सहा महिने इथे पोचायला हवं. आठ महिने असतील तर फारच छान.

मोठ्या नावामागे धावू नका. परीक्षक होस्टच्या प्रतिष्ठेकडे बघतो हे खरं, पण त्याहून जास्त तो एक साधा प्रश्न विचारतो: हे काम याच प्रयोगशाळेत का? तुमच्या संशोधनाला लागणारी एखादी गोष्ट तिथे आहे आणि तुमच्याकडे नाही, हे दाखवता आलं पाहिजे. आणि तुमच्याकडे असं काहीतरी हवं जे त्यांच्याकडे नाही. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी दिसली की अर्ज पक्का वाटतो.

होस्ट सापडतात ते बहुधा तुम्ही वाचत असलेल्या लेखांमधून. शिवाय युरोपातल्या संस्था आपल्याला कोणत्या विषयात पोस्टडॉक हवे आहेत ते युराक्सेस या पोर्टलवर जाहीर करतात. तिथे शोध घ्यायला पैसे लागत नाहीत. परिषदेत भेटलेल्या, तुमच्या पोस्टरसमोर दहा मिनिटं थांबलेल्या माणसाला लिहायला कचरू नका.

पहिला ईमेल लहान हवा. पडद्यावर खाली न सरकवता वाचता येईल इतकाच. साधारण असा:

'आपला भूजलातल्या कार्बनच्या वयावरचा लेख वाचला. मी पीएचडीत नदीखोऱ्यातल्या विहिरींमधलं आर्सेनिक ऋतूनुसार कसं बदलतं ते तीन वर्षं मोजलं. ते का बदलतं हे शोधायला पाण्यातल्या कार्बनचं वय मोजावं लागेल, आणि ती पद्धत आपल्या गटाकडे आहे. या प्रश्नावर अमुक फेलोशिपसाठी आपल्याबरोबर अर्ज करायची माझी इच्छा आहे. अंतिम तारीख सप्टेंबरमध्ये आहे. सोबत दोन पानांचा सीव्ही आणि एका पानाची कल्पना जोडली आहे. आपल्याला वीस मिनिटं बोलायला जमेल का?'

या ईमेलमध्ये स्तुती नाही. 'आपल्या जगप्रसिद्ध प्रयोगशाळेत काम करण्याचं माझं स्वप्न आहे' असं वाक्य नाही. असली वाक्यं होस्टला रोज येतात आणि ती कुणालाही पाठवता येतात, हे त्याला ठाऊक असतं. एकाच विभागातल्या पाच प्राध्यापकांना तोच मजकूर पाठवू नका. ते एकाच टेबलावर चहा पितात.

दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एक आठवण पाठवा. तेही निष्फळ गेलं तर पुढच्या नावाकडे वळा. नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका. अनेक होस्ट एका फेरीत एक-दोनच उमेदवार घेतात.

होकार आल्यावरचं पहिलं बोलणं म्हणजे तुम्हीही त्याची परीक्षा घ्यायची वेळ. अर्जाचा मसुदा तो वाचणार का? विद्यापीठात निधीचे अर्ज बघणारं कार्यालय आहे का, आणि त्यातली कोणती व्यक्ती तुमच्या मदतीला असेल? त्याच योजनेत आधी यशस्वी झालेला एखादा अर्ज वाचायला मिळेल का? शेवटचा प्रश्न नक्की विचारा. यशस्वी अर्ज एकदा वाचून जे समजतं, ते कितीही मार्गदर्शिका वाचून समजत नाही. गटातल्या आताच्या किंवा आधीच्या पोस्टडॉकशीही एकदा बोलून घ्या. होस्टबद्दल खरं काय ते तिथे कळतं.

पायरी ४: प्रश्न एका वाक्यात आणा

आता मूळ अर्ज. आर्सेनिकचंच उदाहरण पुढे नेऊ.

नवखा संशोधक बहुधा असं सुरू करतो: 'भूजलातील आर्सेनिक प्रदूषण ही एक गंभीर जागतिक समस्या असून कोट्यवधी लोक त्याने बाधित आहेत. यावर अनेक संशोधकांनी काम केले आहे.' यात खोटं काही नाही. पण परीक्षकाने ही दोन वाक्यं आधीच कुठेतरी वाचलेली आहेत, आणि बैठकीत सांगायला त्याच्या हाती यातून काहीच लागत नाही.

आता हे बघा: 'गाळाच्या थरांमध्ये आर्सेनिक लोहाच्या ऑक्साइडला चिकटून असतं. जिवाणू सेंद्रिय कार्बन खाताना ते लोह विरघळवतात आणि आर्सेनिक पाण्यात सुटतं. जिवाणूंना मिळणारा हा कार्बन गाळाबरोबरच हजारो वर्षांपूर्वी पुरला गेलेला असतो, की आजच्या तळ्यांतून आणि शेतांतून खाली झिरपतो, यावर अजून वाद आहे. तो झिरपणारा असेल, तर आपण उपसा करून विष स्वतःच खाली ओढत आहोत. जिवाणूंच्या पेशींमधल्या कार्बनचं वय कार्बन-१४ पद्धतीने मोजून मी हा प्रश्न सोडवणार आहे.'

इथे परीक्षकाला यंत्रणा कळली, वाद कळला, त्याचं महत्त्व कळलं आणि तुम्ही काय करणार तेही. तो भूशास्त्रज्ञ नसला तरी शेजाऱ्याला सांगू शकेल: 'ही मुलगी जिवाणूंनी खाल्लेला कार्बन जुना की नवा ते मोजणार आहे.' हे वाक्य तुम्ही त्याला दिलंत.

तुमच्या विषयात हे कसं करायचं? एक सराव सुचवते. दुसऱ्या विषयातल्या मैत्रिणीला तीन मिनिटं तुमचा प्रकल्प सांगा. दुसऱ्या दिवशी तिला तो परत सांगायला लावा. तिच्या तोंडून जे निघेल तोच तुमच्या अर्जाचा खरा सारांश. जे गळलं ते नीट लिहिलेलं नव्हतं, किंवा त्याची गरज नव्हती.

प्रश्न पीएचडीपासून किती दूर असावा, हे योजनेप्रमाणे बदलतं. ह्यूमन फ्रंटिअर सायन्स प्रोग्रॅमच्या फेलोशिप जीवशास्त्रातल्या नव्या वाटांसाठी आहेत. पीएचडीचाच धागा पुढे ओढणारा प्रकल्प तिथे टिकत नाही. इतर अनेक ठिकाणी मात्र फार लांब उडी मारली की हे काम तुम्हाला जमेल का, अशी शंका येते. जुनं कौशल्य आणि नवी पद्धत हे जोडकाम बहुतेक ठिकाणी चालतं.

पायरी ५: निकष उघडे ठेवून लिहा

परीक्षकाला गुण देण्यासाठी तक्ता दिलेला असतो, आणि तो तक्ता सहसा जाहीर असतो. मेरी क्युरीत ५० टक्के गुण संशोधनाच्या उत्कृष्टतेला, ३० टक्के परिणामाला आणि २० टक्के अंमलबजावणीला असतात. तरी उमेदवार निम्म्याहून अधिक वेळ केवळ विज्ञानाच्या भागावर घालवतात आणि परिणामाचा भाग शेवटच्या रात्री लिहितात. तो मग पोकळ होतो: 'या संशोधनाने समाजाला मोठा फायदा होईल.'

परिणाम लिहिताना नावं घ्या, क्रिया सांगा. 'कार्बन वरून झिरपत असेल, तर किती खोलीवर विहीर खणणं सुरक्षित आहे याचे नियम बदलावे लागतील. म्हणून दुसऱ्या वर्षी भूजल विभागातल्या अभियंत्यांबरोबर एक कार्यशाळा घेईन आणि मोजमापाचा डेटा खुल्या भांडारात ठेवीन.' कोण, कधी, काय करणार हे त्यात आहे. तुमच्या स्वतःच्या करिअरवरचा परिणामही इथेच येतो: फेलोशिप संपल्यावर तुम्ही काय करू शकाल जे आज करू शकत नाही?

निकषांमधले शब्दच मथळ्यांत वापरा. परीक्षक गुण द्यायला बसतो तेव्हा त्याला उत्तर शोधावं लागू नये. आणि पानांची मर्यादा पाळा. मेरी क्युरीचा मुख्य भाग दहा पानांचा असतो. अकरावं पान परीक्षकाला दिसतच नाही. अक्षर बारीक करून, समास कमी करून जागा मिळवू नका. किमान आकार नियमात दिलेला असतो आणि दाट पान बघूनच वाचणारा दमतो.

पायरी ६: वेळापत्रक, जोखीम, पैसा

कामाचे तीन ते पाच गट पाडा आणि ते महिन्यांच्या तक्त्यावर मांडा. पावसाळ्याआधी आणि नंतर नमुने घ्यायचे असतील तर फेलोशिप कोणत्या महिन्यात सुरू होईल याचा विचार त्यात दिसायला हवा. ही साधी गोष्ट अनेकांकडून राहते, आणि अनुभवी परीक्षकाच्या ती लगेच नजरेत भरते.

जोखीम लपवू नका. 'नमुन्यात वय मोजण्याइतका कार्बन मिळणार नाही' हा आपल्या उदाहरणातला खरा धोका आहे. तो लिहा, आणि पुढे लिहा की तसं झालं तर जास्त पाणी गाळून नमुने एकत्र करू, किंवा पेशींऐवजी पाण्यात विरघळलेल्या कार्बनचं वय मोजू, ज्यातून उत्तर थोडं ढोबळ पण उपयोगी मिळेल. 'कोणतीही अडचण अपेक्षित नाही' असं लिहिणाऱ्याने प्रयोग केलेलाच नाही, असं वाचणाऱ्याला वाटतं.

फेलोशिपचं बजेट अनेकदा ठरलेलं असतं, तुम्हाला बेरीज करावी लागत नाही. पण जाहिरातीतला आकडा आणि हातात पडणारा आकडा वेगळे असतात. मेरी क्युरीत २०२४ च्या फेरीत निर्वाह भत्ता महिन्याला ५,०८० युरो होता. तो देशाच्या महागाईनुसार कमी-जास्त होतो आणि त्यातून तुमचा करच नव्हे, तर संस्थेने मालक म्हणून भरायचा वाटाही जातो. घर बदलण्याचा निर्णय घेण्याआधी, विशेषतः कुटुंब बरोबर असेल तर, होस्ट संस्थेच्या मनुष्यबळ विभागाला निव्वळ पगार विचारा. व्हिसा, आरोग्य विमा आणि जोडीदाराला काम करायची परवानगी हेही त्याच ईमेलमध्ये विचारून टाका. बजेट स्वतः मांडायचं असेल तर प्रत्येक रकमेपुढे ती कशी काढली ते लिहा. मुद्दाम कमी मागितल्याने कुणी प्रभावित होत नाही.

पायरी ७: सीव्ही आणि शिफारसपत्रं

सीव्हीबाबत जग बदलतं आहे. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने, म्हणजे डोराने, जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ घेतला जातो त्या आकड्यावरून) माणसाची पारख करू नका असं सांगितलं आणि अनेक निधी संस्थांनी ते स्वीकारलं. त्यामुळे अनेक ठिकाणी आता याद्यांऐवजी वर्णनात्मक सीव्ही मागतात. चार-पाच कामं निवडा आणि प्रत्येकात तुमचा वाटा काय होता ते दोन ओळींत सांगा. 'दुसरी लेखिका' यातून काही कळत नाही. 'नमुने घेण्याची पद्धत मी बसवली, सांख्यिकी विश्लेषण माझं' यातून कळतं. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक नसेल तर आजच काढा, तो मोफत मिळतो.

शिफारसपत्र मागताना किमान महिनाभर आधी सांगा आणि सोबत प्रकल्पाचं एक पान, निकष आणि त्यांना आठवावेत असे तुमच्या कामातले दोन-तीन प्रसंग पाठवा. तुम्हाला जवळून ओळखणारा तरुण प्राध्यापक हा ओझरतं ओळखणाऱ्या विभागप्रमुखापेक्षा बरा. पत्र कोण लिहितं त्यापेक्षा त्यात काय सांगितलं आहे, हे परीक्षक वाचतो.

पायरी ८: परवानग्या, डेटा, एआय

नमुने देशाबाहेर न्यायचे असतील तर परवानगी कोणाकडून लागते ते आधी शोधा. जिवाणू, बिया, ऊती यांच्या जनुकीय साधनसंपत्तीवर काम असेल तर अशा साधनसंपत्तीचा वापर आणि त्यातला लाभ वाटून घेणं यांबद्दलचा, २०१४ पासून लागू असलेला नागोया प्रोटोकॉल हा आंतरराष्ट्रीय करार आणि त्या त्या देशाचे कायदे आड येऊ शकतात. माणसांवर संशोधन असेल तर नीतिसमितीची मंजुरी लागते. युरोपात व्यक्तींची माहिती न्यायची असेल तर जीडीपीआर हा तिथला वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू होतो. मंजुरी हातात नसली तरी चालतं, पण ती कधी, कुणाकडून घेणार हे लिहिलेलं हवं.

एआय साधनं भाषा तपासायला अनेक जण वापरतात. प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे आहेत, ते वाचा आणि सांगायला लागत असेल तर सांगा. अमेरिकेच्या एनआयएचने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२३ मध्ये परीक्षकांना अर्ज तपासताना ही साधनं वापरायला मनाई केली आणि २०२५ मध्ये, मोठ्या प्रमाणात एआयने तयार केलेले अर्ज अर्जदाराची स्वतःची कल्पना मानले जाणार नाहीत, असं जाहीर केलं. नियम बाजूला ठेवले तरी माझा सल्ला तोच आहे. पहिला मसुदा स्वतः लिहा. प्रश्न तुमच्या डोक्यात किती स्पष्ट आहे हे लिहितानाच कळतं, आणि ते कळण्याची संधी दुसऱ्याला देऊन टाकू नका.

पायरी ९: वाचून घ्या आणि लवकर सादर करा

महिनाभर आधी पूर्ण मसुदा तयार हवा. तो तिघांना द्या: होस्टला, तुमच्या विषयाबाहेरच्या एका संशोधकाला आणि आधी ही फेलोशिप मिळालेल्या कुणाला. 'कसा वाटला?' असं विचारू नका, सगळे 'छान' म्हणतात. निकषांचा तक्ता हातात द्या आणि गुण द्यायला सांगा.

डेडलाइनची वेळ कोणत्या देशाची आहे ते बघा. युरोपीय आयोगाच्या फेऱ्या ब्रसेल्सच्या वेळेनुसार संध्याकाळी पाचला बंद होतात. मी दोन दिवस आधीच अर्ज भरून टाकते. बहुतेक पोर्टलवर मुदतीपर्यंत नवा मसुदा चढवता येतो, म्हणून लवकर भरल्याने नुकसान काहीच नाही. चढवलेली पीडीएफ परत उतरवून पान न् पान बघा. आकृत्या हरवलेल्या असतात, अक्षरं बिघडलेली असतात.

आणखी एक. अर्जाची 'प्रक्रिया फी' मागणारा, 'तुमची निवड झाली आहे' असं आपणहून कळवणारा ईमेल आला तर पैसे पाठवू नका. इथे सांगितलेल्या योजनांपैकी कोणतीही अर्ज करण्यासाठी शुल्क घेत नाही.

पायरी १०: निकालानंतर

बहुतेक अर्ज नाकारले जातात, हे आधीच माहीत असू द्या. मेरी क्युरीच्या २०२५ च्या फेरीत १७,०५८ अर्ज आले, आदल्या फेरीत ते दहा हजारांच्या थोडे वर होते. पैसा त्या प्रमाणात वाढलेला नाही. अशा गर्दीत कटऑफच्या जवळच्या दोन अर्जांमध्ये खरा फरक नसतो, आणि हे निधी संस्थाही मान्य करू लागल्या आहेत. स्विस नॅशनल सायन्स फाउंडेशन सीमारेषेवरच्या सारख्याच तोलाच्या अर्जांमध्ये सोडत काढू शकतं. ब्रिटिश अकॅडमीने २०२२ पासून आपल्या छोट्या ग्रँट्ससाठी, गुणवत्तेची पातळी गाठलेल्या अर्जांमधून चिठ्ठी काढायला सुरुवात केली. तेव्हा थोडक्यात हुकलेला नकार म्हणजे तुमच्या बुद्धीवरचा शेरा समजू नका.

गुण जास्त असतील तर दारं उघडी राहतात. मेरी क्युरीत ८५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण मिळूनही निधी न मिळालेल्यांना सील ऑफ एक्सलन्स हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र दिलं जातं आणि काही देश व संस्था त्या आधारावर स्वतःचा निधी देतात. हा निधी आपोआप मिळत नाही, शोधून अर्ज करावा लागतो. गुण फार कमी असतील तर उलट अडचण होते. याच योजनेत २०२५ पर्यंतच्या नियमानुसार ७० टक्क्यांच्या खाली गेलेला अर्ज त्याच संस्थेबरोबर लगेच पुढच्या वर्षी करता येत नसे. म्हणून अर्धवट तयारीचा अर्ज 'बघू तरी' म्हणून पाठवू नका. एक फेरी सोडा, पण नीट पाठवा.

परीक्षकांचे शेरे आल्यावर ते एकदा वाचा आणि आठवडाभर बाजूला ठेवा. मग कागदाच्या डाव्या बाजूला शेरा आणि उजव्या बाजूला तुमच्या अर्जातलं ते वाक्य लिहा ज्यामुळे त्याला तसं वाटलं. 'परीक्षकाला कळलं नाही' असं जिथे वाटेल, तिथे ते वाक्य बदलायचं आहे. मी माझ्या दुसऱ्या अर्जाचं असं केलं तेव्हा दिसलं की नेमका प्रश्न चौथ्या पानाच्या तळाशी पहिल्यांदा आला होता. तो पहिल्या परिच्छेदात आणला, बाकी फारसं बदललं नाही, आणि त्याच होस्टबरोबर पुढच्या फेरीत पाठवला. यावेळच्या शेऱ्यांतलं पहिलं वाक्य माझ्याच अर्जातलं होतं.